यामातोचा वाद्यवृंद, सटाण्याचा बँड

२०१२ साली जपानमध्ये एका जुन्या ॲनिमेशन मालिकेचा नवा अवतार पडद्यावर आला. मूळ मालिका १९७४ ची, ‘स्पेस बॅटलशिप यामातो’. नव्या अवताराचं नाव ‘यामातो २१९९’. चित्रं नवी, आवाज नवे, पण संगीत जुनंच हवं होतं, हिरोशी मियागावा यांचं. मियागावा २००६ मध्येच वारले होते. काम त्यांच्या मुलाकडे, अकिरा मियागावांकडे आलं आणि पहिल्याच पायरीला अडलं. वडिलांनी लिहिलेली स्वरलिपीची मूळ पानं हाताला लागेनात. ध्वनिमुद्रण होतं, पण वादकांपुढे ठेवायला कागद नव्हता. तेव्हा अकिरांनी जुनं रेकॉर्डिंग लावून, एकेका वाद्याची ओळ कानांनी वेगळी काढत, वडिलांचं संगीत पुन्हा कागदावर उतरवलं.

वरवर साधी वाटणारी ही गोष्ट किती जिकिरीची आहे, हे वाद्यवृंदात बसलेल्या माणसाला विचारावं. व्हायोलिनची वरची ओळ कोणालाही ऐकू येते. तिच्याखाली व्हायोला काय वाजवतंय, ट्रॉम्बोनांपैकी मधला कोणता स्वर धरून बसलाय, ट्रम्पेटच्या गजरात बुडालेली हार्प नेमकी कुठे थांबते, हे सगळं ऐकून लिहायचं. अकिरांच्या बाजूने एकच गोष्ट होती. हे संगीत त्यांच्या घरात जन्मलं होतं. १९७८ च्या यामातो चित्रपटात शत्रूच्या धूमकेतू-साम्राज्यासाठी पाइप ऑर्गनचा जो दणदणीत तुकडा आहे, तो शाळकरी वयाच्या अकिरांनीच वाजवला होता.

ही हकिकत मला कळली तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांपुढे आले ते आमचे सटाण्याचे बँडवाले. कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा भागात, लग्नाच्या तिथ्या सुरू झाल्या की ताहाराबाद रस्त्यापासून मालेगाव रस्त्यापर्यंत संध्याकाळी एकामागून एक मिरवणुका निघतात. डीजेने बरंच काही गिळलं, तरी क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम आणि साइड ड्रम घेऊन उभे राहणारे लोक अजून आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांनी स्वरलिपीचा कागद कधी हातात धरलेला नसतो. नवं गाणं आलं की दोन-चार वेळा ऐकायचं, तोंड आणि अंतरा बसवायचा, मधलं म्युझिक कोणी वाजवायचं ते वाटून घ्यायचं आणि पुढच्या तिथीला रस्त्यावर उतरायचं. अकिरा मियागावांनी काय केलं, हे यांना समजावून सांगावं लागत नाही.

आणि जपानी ॲनिमेशनही सटाण्याला परकं राहिलेलं नाही. इथल्या घरोघरची पोरं ‘डोरेमॉन’ बघत जेवतात. थोडी मोठी झाली की मोबाइलवर ‘ड्रॅगन बॉल’ आणि ‘नारुतो’ येतात. ‘डोरेमॉन’ची १९७९ ची मालिका आणि ‘ड्रॅगन बॉल’ या दोन्हींचं संगीत शुन्सुके किकुची या एकाच माणसाचं, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. २०२५ च्या सप्टेंबरात ‘डेमन स्लेयर’चा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट हिंदीतूनही लागला तेव्हा कॉलेजातली मुलं तो बघायला नाशिकला गेली, आणि परत आल्यावर मारामारीइतकंच त्यातल्या संगीताबद्दल बोलत होती. मला हे फार मोलाचं वाटतं. पार्श्वसंगीताबद्दल आपण होऊन बोलणारा प्रेक्षक आपल्याकडे दुर्मीळच. जपानमध्ये तो पन्नास वर्षांपूर्वी तयार झाला, आणि त्याची सुरुवात एका पडलेल्या मालिकेपासून झाली.

‘यामातो’ ६ ऑक्टोबर १९७४ ला सुरू झाली. गोष्ट २१९९ सालातली. गॅमिलास नावाचा शत्रू पृथ्वीवर किरणोत्सर्गी बॉम्ब टाकतोय, समुद्र आटलेत, माणसं जमिनीखाली राहताहेत, आणि वर्षभरात सगळं संपणार आहे. दूरच्या इस्कांदार ग्रहावरची राणी निरोप पाठवते की हा किरणोत्सर्ग धुऊन काढणारं यंत्र माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा. अंतर एक लाख अठ्ठेचाळीस हजार प्रकाशवर्षं. जायला जहाज कोणतं? तर १९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी विमानांनी बुडवलेली यामातो ही खरीखुरी युद्धनौका. आटलेल्या समुद्राच्या तळाशी गंजत पडलेल्या तिच्या सांगाड्यात नवं अवकाशयान बांधून तिला आकाशात सोडतात. हिरोशिमा-नागासाकीला तीस वर्षंही झाली नव्हती. त्या देशातल्या मुलांसमोर किरणोत्सर्गाने मरणारी पृथ्वी ठेवणं ही काही हलकी करमणूक नव्हती, आणि निर्माते योशिनोबु निशिझाकी व चित्रकथाकार लेइजी मात्सुमोतो यांनी ती तशी मानलीही नाही.

मालिका मात्र पडली. रविवारी संध्याकाळी साडेसातला, त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर ‘हायडी’ चालू होती. आल्प्सच्या डोंगरातली ती गोड मुलगी. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता आणि दृश्यरचना करणारे हायाओ मियाझाकी. घरातला दूरचित्रवाणी संच एकच, आणि आईबापांची पसंती हायडीला. ३९ भागांची ठरलेली ‘यामातो’ २६ भागांतच गुंडाळावी लागली. पण पुनर्प्रक्षेपणांत ती रुजली. ज्या मुलांनी ती पाहिली ती मोठी झाली, त्यांनी मंडळं काढली, पत्रं लिहिली. ऑगस्ट १९७७ मध्ये मालिकेचेच भाग जोडून चित्रपट लावला, तर चित्रपटगृहांबाहेर आदल्या रात्रीपासून रांगा लागल्या.

त्या रांगांतल्या पोरांना फक्त शीर्षकगीत नको होतं. इसाओ सासाकींनी गायलेलं ते गीत तर सगळ्यांना पाठ होतं. त्यांना मधलं संगीत हवं होतं. जहाज समुद्रतळातून वर येतं तेव्हाचं, लढाईत माणूस जातो तेव्हाचं, इस्कांदारची राणी बोलते तेव्हाचं.

इथे जपानी मालिकांची कामाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्या हिंदी-मराठी चित्रपटांत पार्श्वसंगीत चित्राला धरून होत आलं. पडद्यावर रीळ चालवायचं, संगीतकाराने प्रसंग मोजायचा, नायिका दार उघडते तिथे व्हायोलिन चढली पाहिजेत आणि दार बंद होताच थांबली पाहिजेत. दर आठवड्याला एक भाग काढणाऱ्या जपानी मालिकेत हे शक्यच नसतं. संगीत ध्वनिमुद्रित होतं तेव्हा बहुतेक चित्रं काढूनही झालेली नसतात. म्हणून संगीतकाराला आधीच यादी मिळते. प्रवासाची सुरुवात, शत्रू जवळ येतोय, आईची आठवण, पराभव, उमेद. प्रत्येकाला क्रमांक. संगीतकार त्या त्या भावाचा एकेक तुकडा लिहितो, कधी त्याच धुनेचे संथ आणि जलद असे दोन-तीन प्रकार करतो, आणि मोजक्या सत्रांत तो सगळा साठा मुद्रित होतो. मग संगीत निवडणारा वेगळा माणूस त्या साठ्यातून प्रत्येक भागाला साजेसा तुकडा लावतो.

रीत सोयीपायी पडली, पण तिचा मोठा फायदा झाला. चित्राच्या मापाने कापलेलं नसल्यामुळे प्रत्येक तुकड्याला स्वतःची सुरुवात, वाढ आणि शेवट मिळाला. ‘यामातो’चे असे तुकडे ओळीने मांडले तर त्यांची एक मोठी रचना उभी राहू शकत होती. अडचण एवढीच की दूरचित्रवाणीसाठी केलेलं ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचं, मोनो होतं आणि वादकांची संख्या मालिकेच्या खर्चात बसेल तेवढी. मग ठरलं की जुन्या टेपा तशाच छापायच्या नाहीत. सगळं संगीत मोठ्या वाद्यवृंदासाठी नव्याने लिहायचं, स्टिरिओत नव्याने मुद्रित करायचं आणि ऐकणाऱ्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून ऐकावं असं करायचं. निप्पॉन कोलंबिया कंपनीने ही ‘सिम्फनिक सुइट यामातो’ १९७७ च्या डिसेंबरात बाजारात आणली. लहान मुलांच्या चित्रमालिकेचं संगीत, त्यात संवाद नाहीत, शीर्षकगीताचे शब्दही नाहीत. ती धडाक्यात खपली.

ही तबकडी आज ऐकायला मिळणं अवघड नाही. मी ती पहाटे ऐकतो, आरम नदीच्या बाजूने गार वारा येत असताना, मोटारसायकलींचा आवाज सुरू व्हायच्या आधी. सुरुवात संथ तंतुवाद्यांची. त्यांच्यावर एका बाईचा आवाज येतो, शब्दावाचून, नुसता आकार. गायिका काझुको कावाशिमा. त्या आकारात तान नाही, हरकत नाही. स्वर लावायचा, तो हळूच पुढच्या स्वरावर न्यायचा आणि तिथे थांबायचं. आलाप ऐकण्यात वाढलेल्या आपल्या कानाला हे चटकन आपलंसं वाटतं, पण फरकही लगेच कळतो. आपल्या आलापाखाली तानपुरा स्थिर असतो. इथे खालची संगती सारखी बदलत राहते आणि वरचा तोच स्वर दर वेळी वेगळा भासतो. अवकाशाची पोकळी दाखवायला इलेक्ट्रॉनिक आवाज वापरण्याचा मोह त्या काळात कोणालाही झाला असता. मियागावांनी माणसाचा गळा निवडला. माझ्या मते सगळ्या रचनेचं वजन या एका निर्णयात आहे.

पुढे जहाजाची मुख्य धून येते. कोमल गंधार-धैवतांची, चढती, लष्करी चालीची. ती फडाच्या पाटाचं पाणी पाळीपाळीने एकेका शेताला मिळावं तशी फिरते. आधी फ्रेंच हॉर्न, मग तंतुवाद्यं, मग पुन्हा सगळे मिळून. मियागावा मूळचे सुगम संगीतातले. ‘द पीनट्स’ या जुळ्या बहिणींची साठच्या दशकातली गाणी त्यांनीच गाजवलेली. त्यामुळे इतक्या मोठ्या वाद्यवृंदातही ड्रम-सेट आणि बास गिटार बिनधास्त बसलेत, आणि मालिकेच्या शेवटी वाजणाऱ्या लाल मफलरच्या गाण्याची चाल येते तेव्हा ती उघडउघड घरी राहिलेल्या प्रेयसीचं गाणं वाटते. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या शुद्धतेचा आग्रह धरणारे याला नाक मुरडतील. मला हीच त्याची ताकद वाटते. ज्या मुलाने सिम्फनी कधी ऐकली नव्हती, त्याला ओळखीच्या चालीचा हात धरून या माणसाने वाद्यवृंदाच्या मधोमध नेऊन उभं केलं.

जपानी चालींबद्दल आणखी एक. त्यांच्या कितीतरी लोकप्रिय गाण्यांत चौथा आणि सातवा स्वर गाळलेली पाच स्वरांची माळ वापरतात. तिचा शुद्ध स्वरांचा प्रकार म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर. पेटीवर काळ्या पट्ट्या दाबून शिकलेल्या मराठी माणसाला जपानी सुरावट पहिल्या भेटीतच जवळची वाटते, त्यामागे हे एक कारण नक्की आहे.

यामातोच्या सुइटने रस्ता केला, मग रांग लागली. पुढच्याच वर्षी सेइजी योकोयामांची ‘कॅप्टन हार्लॉक’, १९७९ मध्ये ‘गॅलेक्सी एक्सप्रेस ९९९’चं नोझोमी आओकींचं सिम्फनिक काव्य. १९८४ मध्ये तर केंतारो हानेदांनी मियागावांच्या धुना घेऊन चार भागांची पूर्ण ‘यामातो सिम्फनी’ रचली आणि ती एनएचके सिम्फनी ऑर्केस्ट्राने, म्हणजे जपानच्या अग्रगण्य वाद्यवृंदाने, नाओतो ओतोमोंच्या संचालनाखाली वाजवली. शेवटचा भाग व्हायोलिन आणि पियानोचा दुहेरी कॉन्चेर्टो. दहा वर्षांपूर्वी ‘हायडी’पुढे न टिकलेली मालिका ती हीच.

यामातोच्या चमूतलेच नोबोरु इशिगुरो पुढे ‘लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज’ करायला गेले तेव्हा त्यांनी वेगळीच वाट धरली. १९८८ ते १९९७ या काळात निघालेल्या ११० भागांच्या या मालिकेत पूर्व जर्मनीच्या सरकारी रेकॉर्ड कंपनीची ध्वनिमुद्रणं वापरली. माहलर, ब्रुकनर, द्वोर्झाक. पहिल्या चित्रपटात दोन आरमारांची लढाई राव्हेलच्या ‘बोलेरो’वर चालते. एकच ताल, एकच धून, हळूहळू वाढत जाणारा आवाज, आणि पडद्यावर हजारो जहाजं जळताहेत. ज्याने हे पाहिलं त्याला ‘बोलेरो’ पुन्हा निव्वळ मैफलीचा तुकडा म्हणून ऐकता येत नाही. नव्वदच्या दशकात जपानी संगीतकार थेट परदेशी वाद्यवृंदांकडे गेले. मासामिची आमानोंनी ‘जायंट रोबो’साठी वॉर्सा फिलहार्मोनिक घेतला. योको कान्नोंनी ‘मॅक्रॉस प्लस’साठी इस्रायल फिलहार्मोनिक आणि नंतर हाजिमे मिझोगुचींच्या जोडीने ‘एस्काफ्लोने’साठी पुन्हा वॉर्सा. जो हिसाइशींचं नाव मियाझाकींच्या चित्रपटांमुळे सर्वांना ठाऊक आहे. २००८ मध्ये टोकियोच्या बुदोकानमध्ये त्यांनी हजारावर वादक-गायक एका मंचावर आणले आणि २०२३ मध्ये लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिककडून तेच संगीत डॉइच ग्रामोफोनसाठी पुन्हा मुद्रित केलं.

आता आपल्याकडे वळतो, कारण हे सगळं वाचताना मराठी माणसाला बोचावी अशी जागा इथे आहे.

१९७७ सालच घ्या. त्याच वर्षी मे महिन्यात ‘अमर अकबर अँथनी’ लागला. त्यातलं अमिताभच्या तोंडचं अँथनी गोन्साल्विस हे नाव कुठून आलं? संगीतकार जोडीतल्या प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस. गोव्यातल्या माजोर्ड्याचे, मुंबईच्या चित्रपटसंगीतातले अव्वल संयोजक. या माणसाने १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शंभरावर वादकांचा वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या; लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. पुढे ते अमेरिकेला गेले, परतल्यावर गोव्यात शांतपणे राहिले आणि २०१२ मध्ये वारले. त्या शंभर वादकांनी काय वाजवलं हे आज दुकानात जाऊन मागितलं तर मिळत नाही.

ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ इथे रोज साठ-सत्तर माणसांचे वाद्यवृंद बसत. त्यात गोमंतकीय मोठ्या संख्येने. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसूझा, पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांकडे हळदोण्याचे चिक चॉकलेट. स्वरलिपी लिहिणारे हेच, वाद्यांची वाटणी करणारे हेच. तबकडीच्या वेष्टनावर यांचं नाव नाही. काम झालं की पानांची गरज संपली, आणि त्यांतली बहुतेक पानं रद्दीत गेली. जपानमध्ये मियागावांची पानं हरवली, आपल्याकडे एका सबंध पिढीची हरवली. फरक पुढचा आहे. तिकडे पानं हरवली तरी १९७७ चं नीट, स्टिरिओतलं, अख्ख्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण शिल्लक होतं. मुलाला ऐकून लिहायला काहीतरी होतं. आपल्या पार्श्वसंगीताचं तसं वेगळं मुद्रण क्वचितच झालं. ते संवादांखाली, घोड्यांच्या टापांखाली, ढिशुम-ढिशुमखाली दबलेलं आहे. आपण ‘शोले’च्या संवादांच्या रेकॉर्डी घरोघर वाजवल्या, पार्श्वसंगीताची रेकॉर्ड मागायला कोणी गेलं नाही.

जपानी ॲनिमेशनशी आपला थेट संबंध दोनदा आला. एक ‘जंगल बुक’. निप्पॉन ॲनिमेशनची १९८९ ची ५२ भागांची मालिका, मूळ संगीत हिदेओ शिमाझुंचं. १९९३ मध्ये ती हिंदीतून दूरदर्शनवर आली तेव्हा शीर्षकगीत नवं केलं. शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजांची. शेरखानाचा आवाज आपल्या मुरूड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा. तेव्हा सटाण्यात रविवारी सकाळी गच्चीवरचा अँटेना फिरवत ‘आलं का, आलं का’ ओरडणाऱ्या पिढीला ते गाणं अजून तोंडपाठ आहे. त्या मालिकेच्या जपानी संगीतकाराचं नाव इथे कोणाला कधीच कळलं नाही.

दुसरा संबंध अधिक खोल. ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’. १९८३ मध्ये युगो साको नावाचे जपानी माहितीपटकार शृंगवेरपूरला बी. बी. लाल यांच्या उत्खननावर चित्रण करायला आले आणि रामायणात गुंतले. त्यांनी, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांनी मिळून हा चित्रपट केला. १९९३ च्या जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. चित्रांची शैली जपानी. संगीत मात्र वनराज भाटियांचं आणि मूळ आवृत्तीतल्या संस्कृत गीतांचे शब्द वसंत देव यांचे. वसंत देव म्हणजे तेंडुलकरांची नाटकं हिंदीत नेणारे, ‘सारांश’च्या गीतांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे. भाटिया मुंबईचे, लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकलेले, ‘अंकुर’, ‘भूमिका’, ‘तमस’, ‘भारत एक खोज’ यांचे संगीतकार. वाद्यवृंद म्हणजे काय हे आतून जाणणारा त्यांच्यासारखा दुसरा संगीतकार त्या काळात हिंदी पडद्याला मिळाला नाही, असं मी ठामपणे म्हणेन. जपानी हातांनी काढलेल्या चित्रांवर भारतीय माणसाचं वाद्यवृंदसंगीत, हा योग एकदाच जुळला. भाटिया २०२१ मध्ये गेले. साको २०१२ मध्ये, राम मोहन २०१९ मध्ये.

नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला या चित्रपटाबद्दल वेगळी आस्था वाटायला हरकत नाही. कथेचा काटा फिरतो तो पंचवटीत. सोन्याचं हरीण, लक्ष्मणाचं जाणं, रावणाचं येणं. जपानी चित्रकारांनी ते रान फार निगुतीने रंगवलंय, झाडांच्या खोडांवर उन्हाचे कवडसे हलतात, आणि संगीत तिथे मोठं होत नाही, पुढे सरकायलाच भितं.

मध्यंतरी एका संध्याकाळी मी गावातल्या एका बँडच्या खोलीवर गेलो होतो. भिंतीला लाल-पिवळे गणवेश टांगलेले, कोपऱ्यात ढोलांची उतरंड, खाली सतरंजीवर क्लॅरिनेटवाला तोंडात रीड ओली करत बसलेला. त्याला यामातोची मुख्य धून मोबाइलला छोटा स्पीकर जोडून ऐकवली. आधी त्याच्या बोटांनी गुडघ्यावर साइड ड्रम पकडला. मग डोळे मिटून त्याने वरची ओळ धरली आणि थोड्या वेळाने वाजवायला घेतली. स्वर बरोबर होते, पण कोमल गंधारावर तो खालून घसरत आला, तिथे किंचित रेंगाळला, आणि जपानी लष्करी चाल एकदम बागलाणातल्या नवरीच्या पाठवणीसारखी झाली. शेजारच्या युफोनियमवाल्याने विचारल्याशिवाय खर्ज भरला. वाजवून झाल्यावर त्याने अहिराणीतून विचारलं की ही चाल कोणाची, आणि मियागावांचं नाव दोनदा म्हणून पाहिलं. त्याने गेल्या वीस वर्षांत वाजवलेल्या गाण्यांपैकी किती चालींचे संयोजक त्याला ठाऊक आहेत, हे मी विचारलं नाही. वेष्टनावर छापलेलंच नसेल तर त्याने कुठून जाणावं?

म्हणून मला एक काम होताना बघायचं आहे. ‘रामायण’ चित्रपट २४ जानेवारी २०२५ ला ४-के रूपात, हिंदी, इंग्रजी, तमिळ, तेलुगूतून पुन्हा चित्रपटगृहांत लागला. म्हणजे हक्क कोणाकडे आहेत हे माहीत आहे, ध्वनिपट्टी जिवंत आहे, प्रेक्षकही आहे. मुंबईत एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून उभा आहे; झाकीर हुसेन यांच्याकडून त्याने तबल्याचा कॉन्चेर्टो लिहून घेऊन वाजवला आहे, तेव्हा भारतीय रचना त्याला नव्या नाहीत. भाटियांच्या संगीताचा चाळीस-पन्नास मिनिटांचा सुइट त्याने मुद्रित करावा. पानं मिळाली तर उत्तम, न मिळाली तर चित्रपट लावून ऐकून लिहावीत. संवादांखालून ओळ काढणारे कान मुंबईत, गोव्यात आणि पुण्यात आहेत. विश्वामित्र दोघा कुमारांना घेऊन निघतात तिथून सुरुवात, मग स्वयंवर, वनवास, पंचवटी, जटायू, सेतू आणि लंकेची लढाई. वसंत देवांची संस्कृत गीतं मूळ शब्दांनिशी, भारतीय गायकवृंदाकडून. वेष्टनावर प्रत्येक वादकाचं नाव. पहिला प्रयोग मुंबईत करा, दुसरा नाशिकला, कालिदास कलामंदिरात. तिथपर्यंत सटाण्याहून एसटीने जाता येतं.